ढोलेबाईंची अस्वले

आमच्या शेजारच्या विमलबाई ढोले माणसांची पारख अस्वलावरून करतात. कूलर दुरुस्त करायला आलेला कारागीर काम अर्धवट टाकून हात पुसू लागला, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "अस्वल वारूळ असं अर्धं सोडून जात नाही, बापा. बस खाली." तो बसला. महापालिकेच्या निवडणुकीत मते मागायला आलेल्या उमेदवाराला त्यांनी आपादमस्तक न्याहाळले आणि विचारले, "तुमी झाडावर चढता का?" त्याने घाईघाईने पाणी, रस्ते, दिवे अशी आश्वासने दिली. तो गेल्यावर बाईंनी मला निकाल सांगितला: "अस्वल सोता चढते, सोता डंख खाते, मंग मध खाते. हा दुसऱ्याले झाडावर चढवनारा हाय."

गंमत अशी, की स्वतः बाईंनी रानातले अस्वल पाहिले आहे ते एकदाच, तेही पाठमोरे. नोकरीची बहुतेक वर्षे त्यांनी परतवाड्याच्या एका प्राथमिक शाळेत काढली. कुणाचे तरी मेळघाटातले लग्न आटोपून परतताना तिन्हीसांजेला जीपसमोरून अस्वलाची मादी रस्ता ओलांडून गेली. तिच्या पाठीवर दोन पिले होती, आईच्या केसांना गच्च धरून बसलेली. ड्रायव्हरने इंजिन बंद केले. लिंबू पिळायला लागतो तेवढाच वेळ. पण तेवढ्यात बाईंचे जे व्हायचे ते होऊन गेले. पुढचे सारे ज्ञान त्यांनी पुस्तके वाचून, वनरक्षकांना भंडावून आणि बाजारात मोहफुले विकणाऱ्या बायांपाशी ठाण मांडून मिळवले. "तोंड पाह्याचं राहून गेलं," त्या म्हणतात, "म्हनून तं इतकं वाचलं."

वैशाखातली अमरावतीची दुपार म्हणजे एक पांढरी भिंत असते. डांबर मऊ पडते, कडुनिंबाची सावलीसुद्धा भाजते, आणि सकाळ पुरती सरायच्या आत घराघरांची दारे लोटली जातात. आत कोंडलेल्या मुलांचे करायचे काय, या प्रश्नाला आमच्या गल्लीत दोनच उत्तरे आहेत: मोबाइल किंवा ढोलेबाईंचा अस्वलवर्ग. खिडकीत कूलर, कूलरला ओला वाळा, त्याचा पहिल्या नांगरटीसारखा गंध, आणि त्या गंधात हातापायांवर फिरणारी दहाबारा मुले. प्रत्येकाच्या छातीवर, अस्वलाच्या छातीवर असते तशी, खडूने काढलेली पांढरी नाल. दारातून पाहणाऱ्याला ते थोडे भीतिदायक वाटते.

प्रवेशाची परीक्षा म्हणजे तोंड उघडून दाखवणे. आपल्याकडच्या अस्वलाला वरचे पुढचे दोन दात नसतात. त्या फटीतून ते वाळवी ओढून घेते. त्यामुळे ज्यांचे दुधाचे दात पडले आहेत, त्यांना बाईंकडे सर्वोच्च दर्जा. माझ्या लेकीचे, ओवीचे, समोरचे दोन्ही दात नुकतेच पडले होते आणि बोलताना हवा निसटते म्हणून मैत्रिणी हसल्याचे दुःख ताजे होते. बाईंनी तिच्या तोंडात डोकावून पाहिले आणि वर्गाला सांगितले, "हे अस्सल. बाकीचे सारे उमेदवार." ओवीने हसताना तोंडावर हात धरणे त्या दिवशी सोडले.

कोणताही विषय बाईंकडे अस्वलाच्या वाटेने येतो. अस्वल खाण्याआधी वारुळावरची धूळ फुंकरीने उडवते, म्हणून मुलांनी सरकी काढलेल्या कापसाचा बोळा पाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फुंकत न्यायचा. मग वाळवी ओढते, म्हणून कागदाची बारीक नळी ओठांत धरायची, श्वास आत ओढून तिच्या टोकाला मुरमुरा चिकटवायचा आणि तो न पाडता दुसऱ्या ताटलीत नेऊन ठेवायचा. हवेचा दाब त्यातच शिकवून होतो, बेरीज-वजाबाकीही. मग नखे. घमेल्यातल्या ओल्या मातीत पुरलेले चिंचोके, प्रत्येक खेपेला एकच बोट वापरून उकरायचे. कुणी रडकुंडीला आले की बाई वर न पाहता म्हणतात, "अस्वल घाई करत नाही."

वाद अर्थातच होतात. इंग्रजी शाळेतल्या शौर्यने एकदा हात वर केला. "आजी, अस्वल हिवाळाभर झोपते. आमच्या पुस्तकात हाय."

"कोन्तं, बर्फातलं? थे झोपत असन बापा, त्याले दुसरं काम काय? मेळघाटात मी बर्फ कुठून आनू? आपलं अस्वल बाराही महिने राबते."

एका मुलीने गळ्यात रिबीन बांधलेला गुलाबी टेडी आणला. बाईंनी तो उलटापालटा केला, हुंगला. "याले नखं नाही, मळ नाही, वास नाही. हे अस्वल नाही, उशी हाय." मुलीचा ओठ थरथरला. "पन बसू दे. शिकन."

मोहफुलांच्या धड्यावर तर मागे एकदा पालकांची फिर्याद आली. वाळलेली फुले ताटात पसरून, डोळे मिटून मुलांनी त्यांचा वास ओळखायचा होता: गुळाचा, मनुकांचा, किंचित आंबलेला. समोरच्या घरची सून तणतणत आली. "काकू, माह्या पोराले तुमी दारूचं फूल हुंगवलं?"

"हुंगवलं. आता तुमी हुंगा."

तिने रागारागाने मूठ नाकाशी नेली आणि तशीच उभी राहिली. "आमच्या माहेरच्या वाटेवर हाच वास येत होता," ती शेवटी म्हणाली. वर्गातून मुलाचे नाव कमी करायचे राहूनच गेले.

एरवी हे सारे हसण्यावारी गेले असते. पण त्या वर्षी घरात ढोले वकील होते.

वकील, म्हणजे बाईंचे यजमान, घरात नेहमीच होते. मात्र पूर्वी ते घरात असल्याचे साऱ्या गल्लीला ऐकू येई. कोर्टात त्यांना माइक लागत नसे आणि जेवताना मीठ मागितले तरी ते युक्तिवादासारखे वाटे. थंडीत त्यांना झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि जीभ जड झाली. डॉक्टरांनी बाईंना स्पष्ट सांगितले, की या काही महिन्यांत व्यायाम झाले तर आवाज आणि हात परत येतील. हा काळ वाया गेला तर पुढे कठीण. अकोल्याची शीतल नावाची एक तरुण थेरपिस्ट घरी येऊ लागली. तिने ताटलीत चिंचोके ठेवले आणि ते एकेक उचलायला सांगितले. पाण्याच्या पेल्यात नळी दिली. मेणबत्ती विझवायला लावली. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात न्यायाधीशांना विचारात पाडले, त्याने चार दिवस हे सोसले. पाचव्या दिवशी डाव्या हाताने ताटली भिरकावली, चिंचोके खोलीभर उडाले, आणि वकील भिंतीकडे तोंड करून बसले. त्यानंतर त्यांनी कुणासमोर आवाज काढला नाही. अर्धामुर्धा शब्द उच्चारण्यापेक्षा त्यांना गप्प राहणे बरे वाटले असावे.

बाईंनी विनवण्या केल्या नाहीत. चिंचोके वेचले, शीतलला सध्या येऊ नकोस म्हणून कळवले. आणि सुट्टी लागताच अस्वलवर्ग यंदा दिवाणखान्याऐवजी मधल्या खोलीत भरेल असे जाहीर केले. मधली खोली वकिलांच्या खोलीला लागून आहे. ते दार वाऱ्याने लागते म्हणून बाईंनी त्याला वरवंटा लावून ठेवला. भूगोलाला यंदा सुट्टी मिळाली. रांगोळीत काढायचा मेळघाटाचा नकाशा, पाणवठे, पायवाटा, सारे वगळले गेले. फुंकर, नळी आणि नखे, एवढाच अभ्यासक्रम.

गल्लीने आपले मत दिले. "घरात मानूस असा बसला, अन् हे अस्वलं नाचवून राहिली!" पापड वाळत घालताना हे वाक्य एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर गेले. बाईंच्याही गच्चीवर पोचले असणार. त्यांनी पापड उलटवले.

वर्गाच्या पहिल्याच दिवशी त्यांनी मुलांना ताकीद दिली. "आतल्या खोलीत एक म्हातारं अस्वल हाय. थे काही शिकत नाही. कोनी त्याच्याकडे पाह्याचं नाही."

त्यानंतर मुलांना दुसरे काही पाहणे सुचेना.

ओवीला आणायला मी गेले होते, त्या दुपारी मुरमुऱ्यांची शर्यत चालली होती आणि एक तंटा उद्भवला होता. शौर्यचा मुरमुरा वाटेत पडला होता. तो जमिनीवर पडण्याआधी त्याने तळहातावर झेलला आणि पुन्हा नळीला लावला. तो मोजायचा की नाही? दोन्ही बाजू एकाच वेळी किंचाळत होत्या. बाई खिडकीशी पाठमोऱ्या बसून तांदूळ निवडत होत्या. "मले काय विचारता? मी मास्तरीन. न्यायनिवाडा मले नाही समजत."

मुले सगळीच्या सगळी आतल्या खोलीत शिरली.

"वकीलआजोबा, यानं झेलला!"

"जमिनीले लागलाच नाही नं पन!"

वकिलांनी भिंतीवरची नजर काढली. दोन्ही पक्षांचे म्हणणे ऐकून घेतले. ती सवय लुळी पडली नव्हती. निकाल त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता, ओठांपर्यंत आलाही, आणि तिथे अडला. गालाची एक बाजू थरथरली. मग ओवीने आपली नळी पुढे केली. "बोलू नका. हवा निसटते. करून दाखवा."

त्यांनी ती नळी हातात घेतली ती बहुधा रागानेच. पहिला मुरमुरा हललाच नाही. दुसरा टोकाला लागून गळला. कुणी हसले नाही. अस्वलांचे असे होते, हे त्या खोलीत सर्वांना ठाऊक होते. मुरमुऱ्यांची कोरडी कुजबुज, कूलरचे पाणी, आणि म्हाताऱ्या माणसाचा श्वास. कितव्या तरी खेपेला एक मुरमुरा ताटलीच्या काठावरून उचलला गेला, डुगडुगत पलीकडे पोचला. वकिलांनी तो हाताने झेलला नाही. शौर्यने मान खाली घातली. निकाल लागला होता.

"अपील हाय का कोनाचं?" बाईंनी खिडकीशी बसूनच विचारले. त्या वळल्या नाहीत. मघापासून त्यांच्या बोटांखालचा तांदळाचा एकच ढीग इकडून तिकडे होत होता.

त्यानंतर अपिलांना खंड पडला नाही. रोज कुणीतरी नवा गुन्हा करी आणि प्रात्यक्षिकाशिवाय न्याय मिळत नसे. कापूस कोणत्या कोनातून फुंकायचा, चिंचोका बोटाने उकरला की नखाने, यावर वकिलांना उजव्या हाताने पुरावा द्यावा लागे. बोटे आधी नुसती मातीवर पडत. पुढे रुतू लागली. शीतल एका कामासाठी आमच्या गल्लीकडे आली होती, ती सहज डोकावली आणि दारातच थबकली. "काकू, अवं हे तं सारे माहेच व्यायाम हाय!"

"हळू बोल," बाई म्हणाल्या. "त्यायले थे अस्वलाचे वाटून राहिले."

आवाज मात्र फुटला नाही. बाईंनी वर्गाचा शेवटचा धडा त्यासाठीच राखून ठेवला होता, असे मला आता वाटते. अस्वलाचे पिलू पंजा तोंडात धरून एक सलग हुंकार काढते, मधमाश्यांच्या पोळ्यासारखा. भूक नसली तरी काढते. "काहून?" ओवीने विचारले. "थे कोनालेच पक्कं ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "बरं वाटत असन." मुलांनी मुठी ओठांशी नेल्या आणि ती खोली कापसाच्या जिनिंग कारखान्यासारखी घुमू लागली. वकील ऐकत होते. त्यांची मूठ अर्ध्यापर्यंत आली आणि मांडीवर परत गेली. मुले खडूच्या खुणा पुसून, पन्हे पिऊन घरी गेली. बाईंनी ताटल्या विसळल्या.

शाळा उघडल्या. रिक्षा भरभरून गेल्या आणि दुपारी गल्ली रिकामी झाली. आमचे स्वयंपाकघर आणि ढोल्यांची मधली खोली यांच्यामध्ये एकच भिंत आहे. जेवणे झाल्यावर मी भांडी आवरत होते, तेव्हा पलीकडून बाईंचा हुंकार ऐकू आला. वर्गात एकही मूल नव्हते. त्यांच्या आवाजाला सूर नाही, कधीच नव्हता. त्या एकट्याच, श्वास संपला की नवा घेऊन, तेच घुमवत राहिल्या होत्या.

मी नळ बंद केला.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्याही. मग एका दुपारी त्या आवाजाच्या खाली दुसरा कसलातरी आवाज लागला. पाणी वर येण्याआधी कोरडा हातपंप करतो तसा: खरखरीत, तुटणारा, पुन्हा सुरू होणारा. दोन्ही काही वेळ सोबत चालले. मग बाईंचा आवाज एकाएकी थांबला.

दुसरा चालू राहिला.