गांगुर्डेकाकांचा तारा

आमच्या कॉलनीत काहीही वेगळं दिसलं की गांगुर्डेकाका फाटकाशी उभे राहून पितळी ताट बडवत. पेरूवर चढलेली धामण, नाक असलेलं वांगं, काहीही. ताट वाजलं की आम्ही हातातलं काम टाकून हजर व्हायचं, हा त्यांचा कायदा. उशीर झाला की वर ऐकून घ्यायचं, "डोळे काय झाकून ठेवायला दिलेत?" पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेल्या माणसाने दुसऱ्यांच्या डोळ्यांची एवढी उठाठेव का करावी? ते वांगं बघायला मी अर्धी दाढी टाकून धावलो होतो आणि मला नाक काही दिसलं नव्हतं. काकू गेल्यापासून तर हा छळ वाढलाच होता.

त्या रविवारी संध्याकाळी मात्र ताट वाजलं नाही. नाशकात टीव्ही नुकताच आलेला, अख्खी कॉलनी सिनेमाला चिकटलेली. अंगणात काका एकटेच. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे गंगापूर धरणाच्या बाजूला एक हिरवा गोळा जळत खाली आला, भिंतींवर झाडांच्या सावल्या पडल्या आणि ताट आणायला वळेपर्यंत सगळं आटोपलं.

काका दारोदार फिरले. "एवढा उजेड पडला आणि तुम्ही त्या डब्यात डोकं घालून?" कोणी म्हणालं विमान असेल, कोणी म्हणालं लग्नातलं रॉकेट. काका भडकले. लोकांवर, टीव्हीवर, त्या ताऱ्यावरसुद्धा. "जरा दमानं पडायला काय झालं होतं त्याला?"

हे कितीतरी दिवस चाललं. एकदा मी जेवायला बसलो असताना ते पुन्हा दारात उभे राहिले, तेव्हा मात्र मीही तापलो. "काका, नाही पाहिला कोणी. आता काय आमचा जीव घेता?"

मला वाटलं, आता हे ओरडून कॉलनी डोक्यावर घेणार. ते ओरडले नाहीत.

"ही असती तर कशाला आलो असतो तुमच्याकडे? काही दिसलं की मी हिला विचारायचो, दिसलं ना गं? ती हो म्हणाली की झालं. आता मी जे पाहतो ते मलाच खरं वाटत नाही."

स्वयंपाकघरातून माझी आई पिठाच्या हातांनीच बाहेर आली.

"मी गच्चीवर वाळवण आवरत होते, गांगुर्डेभाऊ. खाली येता येता त्याचे दोन तुकडे झाले."

मी बघतच राहिलो. तुटलेला तारा पाहिला तर कोणाला सांगू नये, असं आई मानायची. त्यातून माझ्या बायकोला सातवा महिना. म्हणून इतके दिवस ती गप्प होती. आणि तुकड्यांचं तर काकांनी कॉलनीत कोणालाच सांगितलं नव्हतं. हिरव्या उजेडावरच लोक हसले होते.

काका दाराजवळच्या खुर्चीत बसले. "दोन झाले ना?"

"झाले की. मोठा पुढे होता."

"आणि लहान मागे."

"हो. लहान आधी विझला."

काकांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले. "म्हणजे तुम्हाला दिसलं."

"दिसलं, भाऊ," आई म्हणाली आणि त्यांचंही पान वाढायला आत गेली.