कुणालाही सांगू नये

परदेशी पोचलेल्या माणसाचा पगार महिनाअखेरीस होतो, भूक मात्र पहिल्या दिवसापासून लागते, ही बाब चिरंजीवांच्या नेमणूकपत्रात नमूद नव्हती. दुकानातल्या पावाची किंमत ते मनातल्या मनात घरच्या पैशांत करून पाहत आणि मग अर्धाच पाव खात.

बचत होती, पण ती घरच्या बँकेत. आज पाच वाजेपर्यंत खोलीची अनामत भरली नाही तर खोली दुसऱ्याला जाणार होती. घरमालकीण किल्ली टेबलावर ठेवून समोरच बसली होती. चिरंजीव फोनवरून पैसे भरू लागले. आपला ग्राहक इतक्या लांबून स्वतःचेच पैसे मागतो, हे बँकेला संशयास्पद वाटले. तिने ओटीपी पाठवला. मुदत तीन मिनिटे. तो गेला घरच्या नंबरावर, आणि त्या नंबराचे सिमकार्ड हरवू नये म्हणून चिरंजीवांनी स्वतःच्या हाताने तीर्थरूपांच्या फोनमध्ये घालून दिले होते.

तीर्थरूप एका कचेरीच्या खिडकीमागून निवृत्त झालेले. पस्तीस वर्षांत एक सही कमी असलेला अर्ज त्यांनी पुढे जाऊ दिला नव्हता.

“बाबा, आत्ता आलेला ओटीपी सांगा.”

“कुणालाही सांगू नये, असं खाली लिहिलंय.”

“अहो, मी तुमचा मुलगा!”

“‘मुलगा वगळून’ असं कुठे लिहिलेलं नाही.”

चिरंजीवांनी चेहरा दिसेल असा फोन लावला. तीर्थरूपांनी चष्मा पुसून चेहरा तपासला, केस वाढल्याचे नोंदवले आणि हल्ली भामटे हुबेहूब चेहरेही बनवतात, असे वर्तमानपत्राच्या हवाल्याने कळवले. मग ते ‘तू’वरून ‘आपण’वर आले. आपण खरोखर चिरंजीव असाल तर एका प्रश्नाचे उत्तर द्यावे.

“आईची जन्मतारीख?”

“एक जून.” चिरंजीवांना हायसे वाटले. प्रत्येक फॉर्मवर त्यांनी तीच लिहिली होती.

“ती शाळेत मास्तरांनी टाकलेली. कागद भामट्यालाही मिळतात. खरी सांगा.”

जन्मभर कागदापलीकडे न पाहिलेल्या माणसाने नेमका आज अपवाद केला. आपल्या प्रत्येक वाढदिवसाला आईने काय काय केले ते चिरंजीवांना आठवले. तिचा वाढदिवस काही आठवेना. त्यांना मनापासून लाज वाटली.

शेवटी मातोश्रींनी फोन घेतला. “जेवलास का रे?”

“हो, पोटभर.”

“अहो, सांगा त्याला. आपलाच आहे. लहानपणापासून असंच खोटं बोलतो.”

तीर्थरूपांनी आकडे सांगितले. चूक नको म्हणून दोनदा, सावकाश. मुदत संपून चार मिनिटे झाली होती. सुरक्षेच्या कारणास्तव पुढचा ओटीपी चोवीस तासांनी मिळणार होता. घरमालकिणीने किल्ली उचलून पर्समध्ये टाकली.

चिरंजीवांनी निदान आईची खरी तारीख तरी सांगा, असे विचारले. पलीकडे तीर्थरूप पुन्हा चष्मा पुसू लागले. उत्तर तपासणाऱ्याला ते ठाऊक असावे, असा नियम त्यांच्या कचेरीत कधीच नव्हता.

हसणाऱ्या वाचकांनी आपापल्या आईची खरी जन्मतारीख आठवून पाहावी. मुदत तीन मिनिटे. आईला फोन करून विचारण्याची परवानगी नाही.