तीन जास्तीचे पंखे

धाकटीचा नवा कॉम्प्युटर पहिल्याच दिवशी इतका उत्तम गार झाला, की त्याच्यासमोर बसलेल्या आत्याने शाल मागवली.

पण हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही. असं काही घडलेलंच नाही. आपण रीतसर सुरुवात करू.

धाकटी लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची, तीही कॉम्प्युटरवर. जुना कॉम्प्युटर इतका थकला होता, की तिने हत्तीची सोंड ओढली तर ती पडद्यावर उमटेपर्यंत तिचा चहा पिऊन व्हायचा. सोंड वाकडी आली की दुसरा चहा. अशाने पित्त तेवढं वाढलं, हत्ती काही वाढेना. शेवटी होतं नव्हतं ते सगळं खर्चून तिने सुटे भाग आणले. कितीतरी दिवस डोळे फोडून वाचून, एकेक पारखून! जुना कॉम्प्युटर त्याच संध्याकाळी भंगारात दिला.

"यात आता ब्रह्मदेवालासुद्धा बदल सुचणार नाही," ती म्हणाली.

ब्रह्मदेवाला नाहीच सुचला. बाबांना सुचला.

बाबा फ्रीज दुरुस्त करतात. जगातल्या तमाम यंत्रांना रोग एकच, तापण्याचा. आणि पाप एकच, जास्तीचा भाग. हे त्यांचं आयुष्यभराचं मत. दुसऱ्या दिवशी धाकटी नव्या पुस्तकाच्या कामासाठी संपादिकाबाईंना भेटायला गेली आणि इकडे बाबांनी खोकी उघडली. पोरगी परत येईतो तिला कॉम्प्युटर जोडून तयार ठेवायचा, असा बेत. हेतू सोन्यासारखा होता. घात बहुतेक असल्याच हेतूंनी होतो.

"हे बघ," बाबा आत्याला म्हणाले, "या पेटीला, कॅबिनेटला, पुढे तीन पंखे आहेतच. मग हे लांबुडकं कशाला घेतलंय? यालाही तीन पंखे!"

"दुकानदाराने गंडवलं पोरीला," आत्या म्हणाली.

आत्या शिवणकाम करते. तिने गळ्यातली टेप काढून कॅबिनेटची छाती मोजली आणि मान हलवली.

"आणि हे काय माप झालं, दादा? अगदी अंगालगत! उद्या आतलं वाढलं तर उसवायचं कुठे? वस्तू नेहमी वाढत्या अंगाची घ्यावी."

दोघं दुकानात गेले. दुकानदार चांगला माणूस होता. त्याने समजावून पाहिलं.

"काका, हे ग्राफिक्स कार्ड आहे. चित्रासाठी लागतं."

"चित्रं आमच्याकडे मुलगी काढते," बाबा शांतपणे म्हणाले.

दुकानदाराने पावती बदलून दिली. कार्ड परत गेलं आणि घरी कपाटाएवढं कॅबिनेट आलं.

संध्याकाळी धाकटी दारातूनच ओरडली, "पुस्तक मिळालं! फक्त परवा सकाळी हत्तीचं पहिलं रंगीत चित्र द्यायचंय. नाहीतर काम दुसऱ्याला जाणार!"

"मग दे की!" म्हणत बाबांनी ऐटीत बटण दाबलं.

पंखे घुमले. भिंतीवरचं कॅलेंडर फडफडून पुढच्या महिन्यात गेलं. आत्याने शाल मागवली. (हे घडलेलं नाही, असं आपलं ठरलंय.) पडदा मात्र काळाकुट्ट.

"रात्रीचं चित्र असेल," आत्या म्हणाली.

धाकटीने कॅबिनेटमध्ये डोकं घातलं. आत भाडेकरू ठेवता येईल इतकी मोकळी जागा होती.

"बाबा, कार्ड कुठंय?"

"कुठलं?"

"पंखेवालं!"

"परत केलं. तीन जास्तीचे होते."

"अहो बाबा, ते पंखे त्या कार्डाला गार ठेवायला होते! पडद्यावर चित्र येतं ते त्या कार्डातून!"

बाबांनी कॅबिनेटमध्ये वाकून पाहिलं.

"म्हणजे मी... कॉम्प्रेसर परत केला?"

"हो."

ते खुर्चीत बसले. उभ्या आयुष्यात कुणाच्या फ्रीजचा साधा स्क्रूही न हरवलेला माणूस! मग उठले, चपला घातल्या आणि निघाले. धाकटी मागोमाग धावली.

दुकानदार शटर ओढतच होता. "शेवटचा नग होता, काका. तुम्ही गेलात आणि एकजण घेऊन गेला. कोण, कुठला, काही माहीत नाही. नवा माल पुढच्या आठवड्यात."

धाकटी पायरीवर बसली. तिच्याकडे बघण्याचं बाबांनी टाळलं. दुकानदाराकडून कागद आणि मार्कर मागून घेतला, आणि ठळक अक्षरात लिहून तो कागद दुकानाच्या काचेवर चिकटवला:

"जाहीर विनंती. आज या दुकानातून ग्राफिक्स कार्ड नेणाऱ्या सद्‌गृहस्थांनी ते उद्या सकाळपर्यंत आम्हांस परत करावे. सदर कार्डाचे तीनही पंखे आपणांस आवडले असल्यास ते आपणच ठेवून घ्यावेत. आमची हरकत नाही. आम्हांस फक्त चित्र हवे आहे. कळावे."