एकशे ऐंशी ग्रॅमची वाटी

वाटीचे ग्रॅम करणं माझ्यासारख्याला काय जड आहे? अख्खी नोकरी केंद्र सरकारच्या आकडेवारीत गेली! दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात कुणालाही विचारा, श्रीरंगरावांचा आकडा चुकत नाही.

म्हणून गुरुग्रामहून आमच्या लेकीचा, कादंबरीचा फोन आला तो मीच घेतला.

"बाबा, आईने चकलीची भाजणी पाठवलीय. एका वाटीला एक वाटी पाणी म्हणे. यार, वाटी म्हणजे किती? लग्नानंतरची पहिली दिवाळी, सासूबाई येतायत. मला ग्रॅममध्ये सांगा."

"बिल्कुल! उद्या सांगतो."

"अहो, त्यात सांगायचं काय एवढं? मी बोलते तिच्याशी," चंद्रप्रभा, म्हणजे आमची सौ., ओट्यापासून म्हणाली.

"तू राहू दे. हे शास्त्राचं काम आहे!"

करोल बागेतून डिजिटल काटा आणला. चंद्रप्रभा भाजी आणायला गेली होती. पिठाच्या डब्यात तिची पितळी वाटी असायची, काठाला चेपलेली. लग्न होऊन आली तेव्हापासून सगळी मापं त्याच वाटीची. पीठ सांडून पसारा नको म्हणून मी ती पाण्याने भरली आणि काट्यावर ठेवली. वाटीचं वजन वजासुद्धा केलं, मी काही कच्चा नाही! एकशे ऐंशी ग्रॅम! वाटी म्हणजे एकशे ऐंशी, मग आत पाणी असो की पीठ. कादंबरीला लगेच कळवलं.

खाली कबाडीवाला ओरडतच होता. आता ग्रॅम हाती आल्यावर त्या चेपलेल्या वाटीचं काय काम? दिली मोडीत!

दिवाळीच्या आदल्या दिवशी फोन. कादंबरी रडतच होती.

"बाबा, पीठ वाळूसारखं कोरडं! सोऱ्या फिरेना म्हणून जोर लावला, तर दांडाच तुटला! सासूबाई समोर बसून बघत होत्या!"

"दोन्ही एकशे ऐंशी घेतलंस?"

"काट्यावर मोजून!"

"मग तुमच्या गुरुग्रामच्या पाण्यात दोष असेल."

चंद्रप्रभेने फोन ओढून घेतला. "अहो, पाणी जड, पीठ हलकं! एवढं पीठ म्हणजे दीड वाटीच्या वर झालं, आणि पाणी एकच वाटी!"

"आई, तू तुझी वाटीच पाठव ना," कादंबरी मुसमुसली.

चंद्रप्रभेने डब्यात हात घातला. तळापर्यंत चाचपलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"वाटी कुठाय?"

"कबाडीवाल्याला... म्हटलं, आता ग्रॅम आहेत..."

ती पिठाचा हात तसाच धरून उभी राहिली. मग फोनमध्ये म्हणाली, "कुठलीही वाटी घे गं. स्टीलची घे, काचेची घे. भाजणी आणि पाणी एकाच वाटीने मोज, की झालं."

माझ्या जिवात जीव आला. "बघ! कुठलीही चालते! मग तिच्यासाठी एवढं तोंड कशाला पाडलंस?"

"ती माझ्या आईची होती," ती म्हणाली. "तिचं तेवढंच माझ्याकडे होतं."

दुसऱ्या दिवशी, ऐन दिवाळीत, मी कबाडीवाल्याला शोधून काढला. "भैया, पीतल की कटोरी थी, किनारा दबा हुआ."

"साहब, वो तो अब तक भट्टी में गल गई होगी."

काटा अजून ओट्यावरच आहे. चंद्रप्रभा त्यावर गरम कढई टेकवते. त्याचे आकडे केव्हाच गेले.