हंसा फॉल-बिडिंग बंद करण्याचे प्रात्यक्षिक

कोणतीही गोष्ट सुरू करायला धडाडी लागते. बंद करायला मात्र अभ्यासक्रम लागतो. हे सत्य मिरा रोडमधल्या एका शाळेला वेळेवर उमगलं आणि तिने नववीच्या 'व्यवसाय व माहिती तंत्रज्ञान' या वैकल्पिक विषयात तिसरा गट काढला.

आधी दोनच गट होते. गट अ, व्यवसाय सुरू करणे. गट ब, व्यवसाय वाढवणे. दोन्ही इतके यशस्वी झाले की दोन वर्षांत सिल्व्हर पार्क वसाहतीतल्या जवळपास प्रत्येक मजल्यावर सुगंधी मेणबत्त्यांचा एक उद्योग उभा राहिला. (प्रत्येक उद्योगाला चौदा वर्षांचा मुख्य कार्यकारी अधिकारी होता. मेणबत्त्या त्याची आई करायची.) या घरच्या मेणबत्त्या त्या घरी जात, त्या घरच्या या घरी येत, आणि दोन्ही घरांच्या विक्रीचा आलेख वर चढत असे. पण वीज काही जाईना, त्यामुळे माल साचला. खोके आधी बाल्कनीत गेले, मग जिन्यात. शेवटी पालकसभेत एक आई उभी राहिली आणि म्हणाली, "सुरू करायला शिकवलंत, फार उपकार झाले. आता हे बंद कोण करणार?"

सभेत शांतता पसरली. शिक्षणक्षेत्रात नवे विषय अशाच शांततेतून जन्माला येतात.

त्यातून गट क निघाला: व्यवसाय बंद करणे व त्याची माहिती पुसणे. नियम सोपे होते. विद्यार्थ्याने फेब्रुवारीअखेर एक चालू व्यवसाय रीतसर बंद करून दाखवायचा. म्हणजे ग्राहकांना नम्र सूचना पाठवायची, त्यांचे नंबर फोनमधून पुसायचे, इंटरनेटच्या नकाशावर त्या जागी 'कायमचे बंद' असा शेरा मारायचा आणि शिक्षकांच्या समक्ष फलक उतरवायचा. फलक उतरतानाच्या फोटोत मालकाच्या चेहऱ्यावर समाधान दिसल्यास पाच गुण जादा.

अडचण एकच आली. बंद करायला व्यवसाय मिळेनात. तसं पाहिलं तर मिरा-भाईंदरमध्ये दुकानं बंद होण्यात कधी खंड नसतो. काल मोबाइलचं कव्हर मिळत होतं तिथे आज मोमो मिळतात. पण हे दुकानदार कोणालाही न विचारता, आपले आपणच बंद होतात. असं अशिक्षित बंद होणं शाळेला मान्य नव्हतं. मग पालकांनी जूनमध्येच, फेब्रुवारीत बंद करता येतील असे व्यवसाय काढायला सुरुवात केली. त्यातही नशीब लागतं. निकेत नावाच्या मुलासाठी त्याच्या आत्याने नाचणीच्या चकल्या सुरू केल्या. मुद्दाम जरा कडक केल्या. त्या गुजराती शेजाऱ्यांना इतक्या आवडल्या की फेब्रुवारीत आत्याच्या हाताखाली चार बायका होत्या आणि निकेत नापास होता. "नणंदेनं पोराचं वाटोळं केलं," असं निकेतची आई अजूनही सांगते, चकली खाता खाता.

अशा टंचाईच्या काळात नववीतल्या क्षितिजाचं नशीब मात्र घरात तयार होतं.

क्षितिजाचे आजोबा काशीनाथराव सिल्व्हर पार्कमध्ये तळमजल्याला राहायचे. मुलगा-सून आणि क्षितिजा समोरच्या इमारतीत. आजोबांच्या खिडकीवर पत्र्याचा एक फलक होता: 'हंसा फॉल-बिडिंग. मंगळवारी बंद.' हंसा म्हणजे क्षितिजाची आजी. गिरगावातून इथे राहायला आल्यापासून ती या खिडकीत बसून बायकांच्या साड्यांना फॉल लावायची. जुलैत ती गेली. फलक राहिला.

"मालक नाही, काम नाही, फक्त बोर्ड आहे?" विषयाच्या शिक्षिका अनुष्का मॅडम म्हणाल्या. "सॉरी हां, बेटा. पण प्रोजेक्ट खूप स्ट्राँग आहे."

आता काशीनाथरावांविषयी. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झाले होते. हंसाची नजर कमी झाली तेव्हापासून फॉल-बिडिंगमधलं त्यांचं काम ठरलेलं होतं: रोज सकाळी चहा झाला की सुयांमध्ये दोरे ओवायचे आणि सुया त्यांच्या छोट्या गादीला टोचून ठेवायच्या. टाका कसा घालतात ते त्यांना ठाऊक नव्हतं. ते खातं वेगळं होतं. हंसा गेल्यावरही त्यांनी आपलं काम सोडलं नाही. गादी भरल्यावर ते सगळे दोरे काढत आणि पुन्हा ओवायला बसत. (सरकारी नोकरीत अशा कामाची सवय होतेच.)

व्यवसाय बंद पडायला खरं तर हरकत नव्हती. तो बंद पडला नाही याचं कारण जिजाबाई. खारी गावातली ही जुनी गिऱ्हाईक तेरावं उरकल्यावर आपली साडी न्यायला आली. साडी आजारपणाच्या आधी दिलेली होती, हात न लागता तशीच पडून होती. काशीनाथरावांनी ती काढून दिली. जिजाबाईने एक घडी उलगडली, पाहिली, पुन्हा घातली.

"बेस झालंय, दादा," ती म्हणाली.

पुढच्या आठवड्यात ती दुसरी साडी घेऊन आली. "कंदी येऊ?"

"उद्या या," काशीनाथराव म्हणाले, कारण हंसा सगळ्यांना हेच सांगायची. त्यांनी साडी हंसाच्या शिलाई मशीनशेजारी ठेवली, वर ओवलेली एक सुई ठेवली. दुसऱ्या दिवशी सुई काढून साडी परत दिली.

"बेस हाय," जिजाबाई म्हणाली. "पैसं किती?"

"पैशाचं हंसा बघते."

हे वाक्य ते वीस वर्षं म्हणत आले होते. ते बदलायचं त्यांच्या ध्यानात आलं नाही, आणि जिजाबाईने आणून दिलं नाही. मग तिसऱ्या मजल्यावरच्या दिशाबेन आल्या. मग त्यांच्या भजनातल्या बायका. साडी संध्याकाळी यायची, रात्रभर मशीनपाशी राहायची, सकाळी जशी आली तशी जायची. फॉल लावलेला नाही हे काशीनाथरावांना माहीत होतं. बायकांनाही माहीत होतं. त्यांना माहीत आहे हे यांना माहीत होतं. इतकी पारदर्शकता फार थोड्या व्यवसायांत आढळते. (फॉल त्या स्टेशनजवळ दुसरीकडे लावून घेत. दिवाळीत तिथे गर्दी झाली तेव्हा एकदा दिशाबेन चुकून म्हणाल्या, "त्यापेक्षा काकांकडे टाकू, लवकर मिळते.")

जानेवारीत क्षितिजा आजोबांसमोर येऊन बसली. नखं खात होती.

"आबा, फक्त बोर्ड काढायचाय. फोटो झाला की परत लावू."

"मग बंद कसं झालं?"

"मार्कांपुरतं."

"मार्कांपुरतं बंद केलेलं परत उघडतं का?"

क्षितिजाने अभ्यासक्रम चाळला. उघडण्याचा भाग गट अ मध्ये होता आणि तिने तो घेतला नव्हता. तिने विषय बदलून सूचना वाचून दाखवली. ती कॉम्प्युटरने लिहिली होती. "प्रिय ग्राहक, आपल्या अतूट विश्वासामुळे समृद्ध झालेला आमचा सेवाप्रवास आता एका सुंदर वळणावर थांबत आहे."

काशीनाथरावांनी ऐकून घेतलं. "ती असं बोलायची नाही."

"आजीने काय लिहिलं असतं?"

"मंगळवारी बंद. एवढंच लिहायची. आणि मंगळवारी कोणी आलं तरी घ्यायची."

क्षितिजाने फोन खाली ठेवला. काशीनाथराव म्हणाले, "तुझं वर्ष जातं का यात?"

"जातं," ती म्हणाली. "म्हणजे, टक्केवारी जाते."

"मग काढ. मी स्टूल देतो."

ठरलेल्या दिवशी अनुष्का मॅडम टॅब घेऊन आल्या. क्षितिजा स्टूल आणि पाना घेऊन खिडकीशी उभी राहिली. काशीनाथरावांनी दाढी केली होती, इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि समाधान दिसावं म्हणून सकाळपासून प्रयत्न चालवला होता. फलक उतरवण्याआधी तासभर निरीक्षण करावं, ग्राहक येत नसल्याची खात्री करावी, असा नियम होता. मॅडम खुर्चीत बसल्या.

पहिल्या पाच मिनिटांत दिशाबेन आल्या. मग भजनातल्या दोघी. मग जिजाबाई, कालची साडी न्यायला आणि सुनेची द्यायला. त्यांना कोणी निरोप दिला होता का, हे शाळेने नंतर विचारलं नाही. (दिला होता. क्षितिजाने ती सुंदर वळणावरची सूचना सगळ्यांना पाठवली होती. नम्र सूचनेचा परिणाम किती होतो याची अभ्यासक्रमाला कल्पना नव्हती.)

मॅडमनी टॅबवर नोंदी सुरू केल्या. काम किती दिवसांत मिळतं? एका दिवसात. तक्रारी? एकही नाही. खर्च? नाही. कर्मचारी? नाहीत. मालक? जागेवर नाही. महसूल?

"पैशाचं हंसा बघते," काशीनाथराव म्हणाले.

मॅडमनी 'महसूल पुढे अपेक्षित' असं लिहिलं आणि त्यांची बोटं थांबली. ग्राहक वाढते, महसूल शून्य, मालक बेपत्ता, आणि तरी सगळे खूश. अशा कंपन्यांवर गट ब मध्ये एक आख्खा धडा होता, आणि त्यातली सगळ्यात लहान कंपनी बंगळुरूला होती.

तरीही मॅडम कर्तव्यदक्ष होत्या. त्यांनी जिजाबाईच्या हातातली परत मिळालेली साडी मागून घेतली आणि काठ उलगडला.

"यात फॉल कुठाय?"

पंख्याखाली साडीचं टोक हलत होतं. क्षितिजा स्टुलावर एक पाय ठेवून उभी होती. काशीनाथराव उठले. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. आजवर हा प्रश्नच त्यांना कोणी विचारला नव्हता. त्यांनी तोंड उघडलं.

"अगो बाय," जिजाबाई म्हणाली, "दिसला तं कसला फॉल? हंसाचा टाका कंदी कुनाला दिसला न्हाय."

"आतून बघा, मॅडम," दिशाबेन म्हणाल्या.

मॅडमनी साडी उलटी केली. "आतूनही नाहीये."

"तेच सांगते ना. कितनी सफाई है."

भजनातल्या दोघींनी माना हलवल्या. मॅडमनी टॅबवरचा तक्ता वरपासून खालपर्यंत पाहिला. ग्राहकाचं समाधान याला रकाना होता. वेळेला होता, तक्रारीला होता, फलकाच्या रंगसंगतीलाही होता. काम झालं की नाही, याला रकाना नव्हता. हा तक्ता शाळेने स्वतःसाठी तयार केला होता आणि इतकी वर्षं त्यात काही कमी पडलेलं नव्हतं.

निकाल लगेच लागला. यशस्वी व्यवसाय बंद करता येत नाही, म्हणून क्षितिजाला गट क मध्ये शून्य. व्यवसाय यशस्वी असल्याचं सिद्ध झालं, म्हणून तिची गट ब मध्ये बदली, आणि तिथे ती शाळेत पहिली. काशीनाथरावांना समजेना की फोटो काढायचा की नाही. मॅडमनी काढला. समाधान उत्तम आलं होतं.

जाताना मॅडम दारात घुटमळल्या आणि पर्समधून एक साडी काढली. "अ‍ॅन्युअल डेला नेसायचीय. कधी मिळेल?"

"उद्या या."

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. एक घडी उलगडली, पाहिली, क्षणभर काशीनाथरावांकडे पाहिलं, घडी घातली.

"छान झालंय, काका," त्या म्हणाल्या. (अ‍ॅन्युअल डेला व्यासपीठाची पायरी चढताना साडीचा काठ सँडलमध्ये अडकला. तक्रार आली नाही.)

फलक जागेवर आहे. स्टूल आणलेलंच होतं म्हणून काशीनाथरावांनी तो ओल्या फडक्याने पुसून घेतला. सुया आता दोघं ओवतात. क्षितिजा शाळेला जाताना दोन ओवून जाते. तिला आजवर शिकवलं गेलेलं हे पहिलं हाताचं काम आहे, आणि त्याला गुण नाहीत.

मार्च सरताना तिचं प्रगतिपुस्तक घरी आलं. व्यवसाय व माहिती तंत्रज्ञान: श्रेणी अ. तिच्या वडिलांनी, कौस्तुभने, पान उलगडलं, पाहिलं, मिटलं आणि सही केली. "छान," तो म्हणाला.

यावर हसणारे आपण सगळे सकाळी मुलाला इस्त्रीच्या गणवेशात शाळेत देतो आणि दुपारी परत आणतो. दिलं तसंच आलं आहे का, हे काठ उलगडून पाहण्याची आपल्यात पद्धत नाही. दारातच म्हणतो, छान झालंय. खारीच्या जिजाबाईचं एक बरं आहे. तिच्याकडून हंसा फॉल-बिडिंग फी घेत नाही.