एका ताऱ्याचं सुतक

आमच्या वन्सं मेलेल्या ताऱ्यांसाठी आंघोळ करतात. भरदुपारी, डोक्यावरून, गार पाण्याने.

वन्सं म्हणजे माझी थोरली नणंद. राहात्याहून एस.टी.ने कोपरगावच्या कॉलेजात जाऊन जन्मभर पदार्थविज्ञान शिकवलं. मी लग्न होऊन आले तेव्हा स्वतःला फार शहाणी समजत असे. नणंद वर्षभरात उजवली जाईल आणि तिची खोली मला मिळेल, असा हिशेब करून पडद्याचं कापडही आणून ठेवलं. कापड विरलं. वन्सं त्याच खोलीत आहेत, कॉम्प्युटरसमोर.

पुण्याचे काही संशोधक देशोदेशीच्या रेडिओ-दुर्बिणींच्या तबकड्या जोडून एका आकाशगंगेची रेडिओ-चित्रं काढतात आणि हौशी माणसांना तपासायला पाठवतात. तिथे तारे म्हणे भराभर जन्मतात आणि मोठे तारे भराभर फुटून मरतात. मधे इतकी धूळ, की साध्या दुर्बिणीला काही दिसत नाही. रेडिओ लहरी मात्र आरपार येतात. चित्रात फुटलेल्या ताऱ्याचा अवशेष सापडला, की वन्सं उठल्याच. "बातमी कोटीभर वर्षांनी आली, वहिनी. एवढ्या उशिरा कळलं की नुसत्या आंघोळीवर भागतं."

दूधवाली सुमन ओले केस बघून हळहळायची. "कोन गेलं, बाई?"

"लांबचा होता."

"आजारी हुता का?"

"नाही. फुटला."

त्या दिवशी सुमन मापाला हात सैल सोडायची.

गेल्या वर्षी एका फिकट ठिपक्यावरून जुंपली. वन्सं म्हणाल्या, अवशेष. पुण्याचे प्रमुख म्हणाले, छे, नवजात ताऱ्यांभोवतीचा तापलेला वायू. त्यांच्या मते बाळंतघर, यांच्या मते मसणवटा.

"लांब लहरींवर बघा म्हणावं," वन्संचं एकच पालुपद. "अवशेष असेल तर तिथे जास्त उजळेल."

प्रमुखांनी उलट लिहिलं, ताई, या वयात नजरेला ताण देऊ नका. वन्सं जेवल्या नाहीत.

मी म्हटलं, "जन्म काय नि मरण काय, आपल्याला काय त्याचं?"

"वा गं. तो बिचारा फुटून पडलाय, आणि आपण बारशाच्या घुगऱ्या खायच्या?"

त्यांनी मेलवर मेल धाडले. शेवटी कंटाळून का होईना, तबकड्या लांब लहरींवर लागल्या. मग एका दुपारी तिथल्या संशोधक मुलीचा फोन आला. "ताई, उजळला. चांगलाच. सरांनी मान्य केलं. शोधनिबंधात तुमचं नाव येतंय."

फोन चालूच ठेवून वन्सं न्हाणीघरात गेल्या. मी पेढे आणवले. सुमन पेढा चघळत म्हणाली, "मयताचे पेढे पयल्यांदाच खाल्ले. पर ग्वाड हायेत."

पुण्याला बोलावणं आलं. सभागृह भरलेलं, आणि प्रमुख स्वतः हात जोडून दारात.

"नजर बरी आहे हो माझी," वन्सं त्यांना म्हणाल्या.

मग त्या मला हाताला धरून पहिल्या रांगेत बसवू लागल्या. फोनवाल्या मुलीने विचारलं, "ह्या कोण, ताई? भावजय?"

"मैत्रीण," वन्सं म्हणाल्या. माझा पदर उगाच सारखा केला आणि जरा हळू म्हणाल्या, "एकच आहे."

त्या व्यासपीठाच्या पायऱ्या चढू लागल्या. अजून कुणी त्यांचं नावही पुकारलं नव्हतं, तरी मी टाळ्या सुरू केल्या.