आडवा पाईप

वेल्डिंगची मशीन घ्यायचं मी रागात ठरवलं. शांत डोक्याने विचार केला असता तर घेतली नसती, पण शांत डोकं आमच्या घरात मला कधी मिळालेलं नाही.

राग बाबूलालवर होता. बाबूलाल आमच्या गावचा वेल्डर. घरापुढच्या तीन पायऱ्यांना कठडा करायचा म्हणून त्याने खाली एक आणि वर एक असे दोन लोखंडी खांब गाडले. त्यांवर आडवा पाईप बसला की काम संपलं. तेवढ्यात मी मोबाईलमधलं पातळी मोजायचं ॲप काढून खांबाला लावलं आणि म्हणालो, "बाबूलाल, हा जरासा कलला आहे." त्याने हातोडी पिशवीत टाकली.

"मंग बाकीचं तुमच्या मोबाईललेच सांगा," म्हणाला, आणि गेला.

नंतर निरोप पाठवला तेव्हा उत्तर आलं, मंडई झाल्यावर पाहू.

मंडई झाल्यावर त्या कठड्याचा काही उपयोग नव्हता. आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली गेलं आणि गावची माणसं वेगवेगळ्या पुनर्वसन वसाहतींत वाटली गेली. दिवाळीनंतर आमच्या नव्या गावात मंडई, म्हणजे आमच्याकडची जत्रा, भरते. दुकानं लागतात, दंडारीची नाचगाणी होतात, रात्री नाटक असतं, आणि जुन्या गावची सगळी म्हातारी माणसं त्या एका दिवशी एकमेकांना भेटतात. कोण राहिलं आणि कोण गेलं, ते तिथेच कळतं. माझी आई, ललिताबाई, वर्षभर त्या दिवसाची वाट पाहते. पण उन्हाळ्यात तिचा गुडघा गेला आणि पायऱ्या उतरणं बंद झालं. (पायऱ्या उंच झाल्या त्या माझ्यामुळेच. एकदा घरात पाणी पाहिलेला माणूस जोतं उंच घेतो, एवढी अक्कल मला होती. चढलेल्या माणसाला उतरायचंही असतं, एवढी नव्हती.)

"कोनाचा हात धरून मंडईत गेली त लोक म्हनतीन, ललिता सरली," हे तिचं म्हणणं. हात नको, खांदा नको. काठी आणून दिली तर ती माळ्यावर गेली, कारण काठी म्हाताऱ्या बायकांसाठी असते. कठडा धरून एकटी उतरली तर उतरली, नाहीतर मंडई खिडकीतून ऐकायची. शिवाय ती रोज एकदा म्हणायची, "भुपेंद्र असता त केव्हाच झालं असतं."

भुपेंद्र माझा धाकटा भाऊ. पुण्याला असतो. त्याने आयुष्यात भिंतीला खिळा ठोकलेला मी पाहिलेला नाही. मंडईला येत नाही, व्हिडिओ कॉल करतो, आणि त्या व्हिडिओ कॉलवर आई जशी हसते तशी समोर बसलेल्या माझ्याकडे पाहून कधी हसलेली मला आठवत नाही. हे मी विनोद म्हणून सांगत नाहीये.

तेव्हा मशीन. मी शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे, त्यामुळे व्हिडिओ पाहायला वेळ भरपूर. सगळे पाहून झाल्यावर पवनीला हिरालालच्या दुकानात गेलो.

"दोनशे अँपिअरची देऊ का अडीचशेची?" त्याने विचारलं.

"लहान द्या. घरचीच कामं आहेत."

"घरी लाईन कशी राहते?"

"राहते."

"तसं नाही, व्होल्टेज बरोबर भेटते का?"

"बिल तर बरोबर येतं."

हिरालालने मला नीट पाहून घेतलं आणि डब्यासारखी एक छोटी मशीन काउंटरवर ठेवली. "ही घ्या बाबूजी. हिच्यात अँटी-स्टिक हाये. रॉड चिपकत नाही."

"पण मला चिकटवायचंच आहे," मी म्हणालो.

त्याने बिल फाडलं. बारीक रॉडचं पाकीट, हातात धरायची काळी काच आणि एकच सूचना दिली: पेटवल्यावर काच डोळ्यांपुढून हलवायची नाही. मी हसलो. व्हिडिओत हे सगळ्यात आधी सांगतात.

मंडईच्या आदल्या दिवशी मी पायऱ्यांवर मशीन मांडली. आडवा पाईप दोन खांबांवर दोरीने बांधला, अर्थिंगचा चिमटा लावला, रॉड टेकवला. रॉड चिकटला. ओढला, निघेना. हलवला, तापून लाल झाला. शेवटी मशीन बंद करून पायाने तोडला. दुसरा घेतला. तोही चिकटला. घरात दिवे मंद होत होते.

"कामिनी, मिक्सर बंद कर," मी बायकोला ओरडून सांगितलं.

"अहो, वड्याची दाळ वाटून राहिली मी. उद्या पाव्हणे येतीन."

"तुला वडे महत्त्वाचे की आई?"

"आईलेच पाह्यजेत वडे."

मिक्सर थांबला तेव्हा मंडईच्या मंडपातले भोंगे सुरू झाले. मंडपवाल्यांनी नाटकाचे दिवेही लावून पाहिले. सगळं एकाच ट्रान्सफॉर्मरवर. समोरचा हेमराज दारात येऊन म्हणाला, "चंदूभाऊ, तुमी टेकवता तवा आमचा टीव्ही बंद पडते. जरा मॅच होऊ द्या ना." शहाण्या माणसाने अशा वेळी थांबायचं असतं. मी अँपिअर वाढवले. त्याबरोबर पाईपला भोक पडलं. भोक बुजवायला रॉड ओतला, त्याशेजारी दुसरं पडलं. काच लावली की काही दिसायचं नाही, काढली की सगळं स्पष्ट दिसायचं. म्हणून काढली. (स्पष्ट दिसण्याचे तेवढेच क्षण माझ्या वाट्याला होते, ते मी असे खर्च केले.)

शेवटी दोन्ही टोकांना लिंबाएवढे गोळे तयार झाले. मी दोरी सोडली. पाईप जागेवर राहिला. मग त्यावर चांदीचा रंग दिला. रंग दिला की चांगलं आणि वाईट वेल्डिंग सारखंच दिसतं. ऑफिसात इतकी वर्षं काढल्यावर वरून रंग द्यायचं काम मला कोणी शिकवायची गरज नाही.

आई खिडकीतून पाहत होती. "धरून पाहू का?"

"रंग ओला आहे," मी म्हणालो. खरं म्हणजे मला भीती वाटत होती.

संध्याकाळपासून डोळ्यांत मूठभर वाळू गेल्यासारखं झालं. डॉक्टरांनी थेंब दिले आणि डोळे मिटून पडा म्हणाले. बटाट्याच्या चकत्या कामिनीने स्वतःहून ठेवल्या. मंडईच्या दिवशी गावभर भोंगे, आणि मी पुढच्या खोलीत दोन्ही डोळ्यांवर बटाटे घेऊन आडवा.

दुपारी नव्या लुगड्याचा आवाज आला. डांबरगोळ्यांचा वास आला.

"चंदू, येते मी."

"आई, थांब."

"काहून?"

काल सांगायला हवं होतं ते आजही तोंडातून निघेना. "रंग ओला असेल," मी म्हणालो.

"कालचा रंग आज ओला कायले राहीन?"

चप्पल सरकली. मग टक् असा अगदी लहानसा आवाज झाला आणि त्यामागून लोखंड फरशीवर आपटलं. मी उठलो तसे बटाटे पडले. डोळे उघडले तर पुढे नुसता पांढरा धूर आणि पाणी. त्या वेळी मला जे वाटलं त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. म्हातारी माझ्या हाताने पडली, एवढंच डोक्यात होतं.

"आई?"

मी भिंत चाचपडत दाराकडे निघालो. मग शांत आवाज आला, "निंगला पाईप."

"कामिनी, पडली का ती?"

"नाही. चौकट धरून होत्या."

"मग आता कुठे आहे?"

"उतरल्या."

"कशाने?"

"पाईपानं. टेकवत टेकवत."

"आणि आता?"

"चालल्या मंडईत."

"पाईप?"

"सोबत हाये त्यायच्या."

आई दिवेलागणीला परतली, तेव्हा सोबत मंगलाबाई होत्या. मंगलाबाई म्हणजे माझी मावशी, अड्याळला असते. दोघी एका वेळी बोलत होत्या, म्हणजे मंडई चांगली झाली असणार. मी बटाटे ठेवून पडलोच होतो.

"बाई बाई, काय काठी हाये," मावशी म्हणाली. "चांदीवानी चमकते. अन् वर धराले गोळाही देला हाये."

तो गोळा माझा होता. खांबाला तो टिकला नाही, पण पाईपाला असा बसला होता की आता कापूनच निघेल. मी उठून बसलो. घरात माझ्या हातच्या वस्तूचं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकत होतो.

"मावशी, तुम्हालाही एक करून देतो," मी म्हणालो.

"तू कायले तरास घेतं, बापा? तुहे डोळे त पाह्य. मी भुपेंद्रलेच सांगीन. ललिता साऱ्यायले सांगून राहिली होती, पोरानं पुन्याहून धाडली म्हून."

मावशी आत चहाला गेल्यावर मी आईला विचारलं, "भुपेंद्रने कधी पाठवली?"

आईने पाईप भिंतीला टेकवला. "तुनं केली म्हनलं असतं, त लोकायनं विचारलं असतं, कायच्यातून निंगली म्हून. तुहीच लाज राखली मी."

मी बटाटे शोधून पुन्हा डोळ्यांवर ठेवले. तेवढ्यात फोन वाजला. कामिनीने तो माझ्या कानाला लावला.

"दादा," भुपेंद्र पुण्याहून म्हणत होता, "आताच मावशीचा फोन आला होता. ती काठी मी कुठून घेतली रे?"